झाकण कोणी लावलं

वर्णन पुढीलप्रमाणे. स्त्री, वय वर्षे एकावन्न, उंची पाच फूट एक इंच, बांधा मध्यम, चष्मा दूरचा व जवळचा. पदनाम : संसर्ग नियंत्रण परिचारिका. सेवाकाल : एकोणतीस वर्षे, पैकी खंड : दोन बाळंतपणे व एक पाठदुखी. कार्यकक्षा : रुग्णालयातील सर्व विभागांत वापरलेल्या सुया, ब्लेड व तत्सम टोकदार वस्तूंपासून कर्मचाऱ्यांना होणाऱ्या इजा रोखणे, रोखल्याची नोंद ठेवणे, आणि रोखता न आल्यास त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात ठेवणे. विशेष प्रावीण्य : सदर विषयावर आजवर एकशे सहा व्याख्याने. सदर व्यक्तीला स्वतःला इंजेक्शन घेताना चक्कर येते.

हॉस्पिटलात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे डबाताई. कारण उघड होतं. वापरलेल्या सुया टाकायचा जो पांढरा, जाड, सुई आरपार जाणार नाही असा डबा प्रत्येक वॉर्डात असतो, तो ती रोज वाकून बघे. शाळेतून आलेल्या मुलाचा डबा आई उघडून बघते, तशाच संशयाने. डब्यावर तीन चतुर्थांश उंचीवर एक रेघ असते. तिथवर भरला की डबा बंद. एक सुईही जास्त नाही. "डबा म्हणजे पाहुण्याचं पोट नव्हे, आग्रह करकरून भरायला," असं ती नव्या मुलींना सांगे आणि स्वतः अजिबात हसत नसे. मुली मात्र हसत, आणि वाक्य लक्षात ठेवत.

तिचा दुसरा, खरं तर पहिला, नियम झाकणाचा होता. इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा झाकण लावायचं नाही. कधीच नाही, घाई असली तरी नाही, पेशंट ओरडत असला तरी नाही. सुई आहे तशी उघडी डब्यात टाकायची. बहुतेक जणींना सुई टोचते ती पेशंटला टोचताना नाही, तर नंतर एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात एवढंसं झाकण धरून दोघांची गाठ घालून देताना. "तुम्ही काय लग्न जुळवायला बसलात का त्यांचं?" हेही तिचंच वाक्य.

पहिल्या मजल्यावर लिफ्टशेजारी एक बोर्ड होता : 'सुई टोचल्याशिवाय गेलेले दिवस'. खाली तीन खिळे आणि त्यांवर अडकवायचे आकडे. रोज सकाळी आठला ती आकडा बदले. ज्या मंगळवारची ही हकीकत आहे त्या दिवशी बोर्डावर ४१२ होते. बोर्डाबरोबरच सुरू केलेलं इजांचं रजिस्टर तिच्या कपाटात होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरं. कोऱ्या वहीचा इतका अभिमान एखाद्या कवीलाही परवडला नसता. गुरुवारी बाहेरून तपासणी समिती येणार होती आणि मेट्रनबाईंनी त्या रजिस्टराला नवं कव्हर घालून घेतलं होतं.

घरीही ती साधारण अशीच. नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करणारा, कमी बोलणारा नवरा आणि कॉलेजात जाणारे दोन मुलगे. सिंकमध्ये पाण्याखाली सुरी ठेवून देणं हा त्या घरात घटस्फोटाला पुरेसा आधार मानला जाई. नवऱ्याने ते पंचवीस वर्षांत एकदाच केलं होतं.

तर मंगळवारी सकाळी सव्वानऊला ती पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात गेली. ट्रॉलीवरचा डबा बरोबर रेघेला टेकला होता. तिने तो तिथल्या तिथे बंद केला, वर तारीख घातली, सही केली आणि स्टोअरमधून नवा डबा मागवला. सगळं अगदी चोख झालं. फक्त नवा डबा यायला पंचवीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ वॉर्डात सुया होत्या आणि डबा नव्हता. एकशे सहा व्याख्यानांत हा प्रसंग एकदाही आला नव्हता.

वॉर्डात त्या दिवशी अठरा पेशंट आणि सिस्टर एकच. चणीने लहान आणि दिवसभर चिवचिव, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. दुसरी सिस्टर रजेवर होती.

"ताई, तेवढं नऊ नंबरचं इंजेक्शन द्याल का? आजोबा अकराला घरी चाललेत. शेवटचंच आहे."

ताईंना आनंद झाला. हल्ली त्यांच्या हातात पेशंटपेक्षा कागदच जास्त येत. नऊ नंबरच्या आजोबांच्या दंडात त्यांनी असं हलकं इंजेक्शन दिलं की आजोबा म्हणाले, "झालं? मी तर अजून तोंड वाकडं करायच्या तयारीत होतो."

त्याच वेळात चिमणीने चार नंबरचं रक्त काढलं आणि शिकाऊ डॉक्टरने बारा नंबरचं. तिन्ही सिरिंज एकाच मापाच्या. डबा नसल्यामुळे तिन्ही एकाच ट्रेमध्ये पडून राहिल्या. पावणेदहाला नवा डबा आला. ताईंनी हातमोजे घातले, तिन्ही सिरिंज उजव्या हाताने एकदम उचलल्या, आणि अंगठ्याच्या बुडाशी मुंगी चावावी तसं काहीतरी झालं.

हात आपोआप उघडला आणि तिन्ही सिरिंज डब्यात पडल्या.

या डब्याची रचना अशी असते की आत गेलेलं बाहेर काढता येत नाही. या गुणाचं तिने एकशे सहा वेळा कौतुक केलं होतं.

मोजा काढला तर आत राईएवढा रक्ताचा ठिपका. ती त्याच्याकडे बघत राहिली. कोणीतरी भर वर्गात उभं करून उत्तर विचारावं आणि उत्तर आपल्याच पुस्तकातलं असूनही आठवू नये, तसं झालं. मग आठवलं. साबण, वाहतं पाणी, बोट दाबायचं नाही, पिळायचं नाही. ती बेसिनशी उभी राहून हात धुऊ लागली. धुताना तिला वाटलं, कदाचित टोचलंच नसेल. कदाचित सकाळी घरी काहीतरी लागलं असेल. सकाळी घरी काय केलं ते आठवायला गेली तर आठवेना. डबा तर भरला, पण स्वतःचा की मुलांचा? आणि पुढची पायरी कोणती? पुढची पायरी होती, संसर्ग नियंत्रण परिचारिकेला ताबडतोब कळवणे. आरशात तीच उभी होती. तिला कळलेलं दिसत नव्हतं.

ती कॅज्युअल्टीत गेली. तिथले डॉक्टर तिशीचेही नव्हते आणि सुई टोचल्यावर काय करायचं हे ते दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडूनच शिकले होते. त्यामुळे दोघंही अवघडले.

"ताई, सोर्स कोण? म्हणजे कोणाची सुई?"

"तीन होत्या."

"तिन्ही टोचल्या?"

"एकच टोचली. कोणती ते माहीत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काविळीची लस घेतलीय ना तुम्ही?"

"मीच तर देते सगळ्यांना."

"मग राहिलं बाकीचं. पेशंट कोण कोण?"

तिने सांगितलं. चार नंबरच्या सगळ्या तपासण्या गेल्याच आठवड्यात झाल्या होत्या, स्वच्छ. बारा नंबरच्या केसपेपरात काय लिहिलं होतं ते इथे सांगायचं कारण नाही. ती त्याच्या रक्तातली गोष्ट होती आणि त्याची खाजगी होती. डॉक्टरांनी तो कागद वाचला, तिने आधीच वाचलेला होता, आणि डॉक्टरांनी तो उपडा करून टेबलावर ठेवला. नऊ नंबरच्या आजोबांची ती तपासणी कधी झालीच नव्हती. कारणच पडलं नव्हतं.

"पहिली गोळी आत्ता घ्या," डॉक्टर म्हणाले. "चारची सुई असेल तर पुढच्या नकोत. नऊची असेल तर त्यांचं रक्त तपासू, अर्ध्या तासात कळेल. बाराची असेल किंवा कोणाची तेच कळलं नाही, तर अठ्ठावीस दिवस गोळ्या आणि सहा महिने तपासण्या. हे तुमच्याच लेक्चरमध्ये होतं."

"हो. नववी स्लाइड."

"आठवा ताई. कोणती होती?"

तिने गोळी घेतली. मोठी, कडू, घशात अडकणारी. सहा महिने हा काळ किती असतो हे तिला माहीत होतं. तिने तो इतरांना समजावून सांगितला होता, पाठीवर हात ठेवून. आता तो मोजायचा कुठून ते कळेना. दोन्ही मुलगे, नवरा, घरातली सुरी, सगळं एकदम डोक्यात आलं आणि कशाचा कशाशी संबंध लागेना. असल्या गोष्टी एका ताटात जेवून होत नाहीत, हे तिने किती जणींना सांगितलं होतं. तरी तिने मनातल्या मनात घरातली ताटं वेगळी करून ठेवली.

वॉर्डात परत आली तर चिमणी नव्या डब्याशेजारी पहारा दिल्यासारखी उभी.

"मी कोणाला एक कापूससुद्धा टाकू दिला नाही ताई. आत तीनच आहेत."

डबा दुधी रंगाचा होता. आतलं दिसतं आणि दिसतही नाही; आकार कळतो, रंग कळत नाही. ताईंनी तो उचलून खिडकीशी धरला, चिमणीने मागून मोबाइलचा उजेड टाकला. सोनोग्राफीत बाळ शोधावं तशा दोघी डोकं लावून बघू लागल्या.

"ती एक. उघडी. ती दुसरी, तीही उघडी," चिमणी म्हणाली. "आणि ही तिसरी... हिला झाकण आहे."

"झाकण कसं असेल?"

"आहे ताई. आणि बघा, झाकणाच्या बाजूने सुईचं टोक बाहेर आलंय. वाकडं लागलंय झाकण. भोक पाडून आलंय."

ताईंना एकदम हलकं वाटलं. कोडं सुटत होतं. दोन उघड्या सुया तिने टोक पुढे करून धरल्या असणार, नेहमीप्रमाणे. तिसरीला झाकण दिसलं म्हणून ती कशीही धरली असणार, आणि झाकणातून डोकं काढून बसलेल्या त्या सुईने काम केलं. म्हणजे झाकणवाली ज्याची, त्याचं रक्त. आता फक्त झाकण कोणी लावलं एवढंच शोधायचं. या शोधात तिचा हातखंडा होता. तिचा आवाजही बदलला.

"चार नंबरचं रक्त तू काढलंस. झाकण लावलंस?"

"नाही ताई. आईशप्पत."

"आईला कशाला मध्ये आणतेस? खरं सांग, रागावणार नाही."

"मी झाकण लावत नाही. तुम्हीच शिकवलंत. लग्न जुळवायचं नाही."

"मग डॉक्टरने लावलं असेल."

चिमणी खुदकन हसली. "डॉक्टर? ते सिरिंज वापरतात आणि जिथे असतील तिथे सोडून जातात. झाकण लावायला थांबले तर आपण त्यांचा सत्कारच करू."

हे खरं होतं. याची ताईंनी तीनदा लेखी तक्रार केली होती.

"मग कोणी लावलं?" ताईंनी विचारलं.

दिवसभर चिवचिवणारी मुलगी गप्प झाली की वॉर्डातला पंखासुद्धा ऐकू येतो. तो ऐकू येऊ लागला.

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत लिफ्टनेच गेली असावी. त्या ताईंच्या बरोबरीच्या, एकाच बॅचच्या. दोघी हॉस्टेलात एका खोलीत राहिलेल्या.

"अगं, काय ऐकतेय मी? कुठे लागलं, दाखव." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे? हे तर दिसतसुद्धा नाही. कशावरून सुईच? ट्रेची कड असेल. काच असेल."

"काच कुठून येईल?"

"कुठूनही येते काच. घड्याळाची पिन असेल तुझ्या. गुरुवारी लोक येतायत, चारशे बारा दिवस झालेत. नीट आठव, घाईने काही लिहू नकोस. मी लिहू नको म्हणत नाहीय हं. घाईने नको म्हणतेय."

"गोळी घेतली मी."

"घेतलीस ते बरं केलंस. गोळी घे, सगळ्या घे. लिही मात्र सावकाश."

ताईंना मैत्रिणीचं म्हणणं पटलं आणि मुळीच पटलं नाही, दोन्ही एकाच वेळी. मेट्रनबाई गेल्यावर चिमणी म्हणाली, "बाकीच्या पण असंच करतात."

"बाकीच्या म्हणजे?"

चिमणीने जीभ चावली, पण उशीर झाला होता. या वॉर्डात गेल्या वर्षात तिघींना सुई टोचली होती. वरच्या मजल्यावर किती जणींना, ते तिला माहीत नव्हतं. एकीने बाहेर जाऊन तपासणी करून घेतली, दुसरीने देवावर सोडलं, तिसरी स्वतः चिमणी.

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार ताई? तुम्ही रोज सकाळी इतक्या हौसेने आकडा लावायच्या. स्टुलावर चढून, बोटाने धूळ पुसून. वाईट वाटायचं."

ताई पेशंटच्या स्टुलावर बसल्या. चारशे बारा दिवस म्हणजे नक्की काय होतं, हे त्यांना कळेना. दिवस तर गेले होते. फक्त टोचल्याशिवाय गेले नव्हते. पण हा विचार पूर्ण करायला वेळ नव्हता. पावणेअकरा वाजले होते.

"ते राहू दे. झाकण कोणी लावलं ते सांग."

"तुम्ही लावलंत ताई."

"मी?"

"तुम्ही नेहमीच लावता."

ताई हसल्या. त्यांना खरंच हसू आलं. चिमणी मात्र हसली नाही. तिने कपाटातून एक कोरी सिरिंज काढली, रिकाम्या खाटेवरची उशी पुढे ओढली आणि म्हणाली, "हे नऊ नंबरचे आजोबा. द्या इंजेक्शन."

"काहीतरीच काय."

"द्या तर खरं. आजोबांना सांगितलंत तसं सांगा."

ताईंनी सिरिंज घेतली, झाकण काढून ट्रेमध्ये ठेवलं. "हात सैल सोडा हं आजोबा, मुलं काय करतात तुमची?" असं उशीला विचारून सुई उशीत घातली, दट्ट्या दाबला, सुई काढली, कापूस ठेवला. "झालं बघ. यात कुठे..." असं म्हणत त्यांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणी त्यांच्या हाताकडे बघत होती. त्यांनीही पाहिलं.

सुईला झाकण लागलेलं होतं. वर जरासा पीळसुद्धा दिलेला होता.

त्यांनी ते झाकण असं पाहिलं जसं ते आत्ता सुईलाच फुटलं असावं. लावल्याची काही आठवण नव्हती. कोणी कोर्टात विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर नाही सांगितलं असतं, आणि ती शपथ खरी असती.

पीळ मात्र त्यांना ओळखू आला. एकोणतीस वर्षांपूर्वी हे डबे नव्हते. सुया कागदी पिशवीत जात आणि पिशवीतून सफाईवाल्या बायकांच्या पायात. तेव्हाच्या ट्यूटर सिस्टर रांगेत उभं करून शिकवत : डाव्या हाताने झाकण, खटकन लाव, अर्धा पीळ दे, सुटलं नाही पाहिजे. जी झाकण लावत नसे तिला दिवसभर बेडपॅन. त्यांनी आणि आताच्या मेट्रनबाईंनी त्या काळी झाकण लावायची शर्यत लावली होती. ताई जिंकल्या होत्या. तेव्हा तीच सुरक्षितता होती. नंतर नियम उलटा झाला, तो तोंडाने शिकला, एकशे सहा वेळा शिकवलासुद्धा. हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

"म्हणजे लेक्चरमध्ये करून दाखवताना पण...?" त्यांनी घाबरत विचारलं.

"पण."

"आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?"

"आम्हाला वाटलं, सीनियरना चालत असेल."

ताईंच्या डोक्यात मात्र दुसरं टोक जागेवर बसलं : झाकण आपण लावलं, म्हणजे झाकणवाली सुई आपली, म्हणजे रक्त नऊ नंबरचं. बारा नंबरचं नाही. त्यांना हायसं वाटावं की लाज, हे ठरेना. आपण नियम मोडला नसता तर कोणाची सुई ते कळलं नसतं, आणि नियम मोडला नसता तर टोचलीही नसती. त्या या वाक्याच्या दोन टोकांत अडकल्या असतानाच चिमणी ओरडली, "ताई! नऊ नंबर!"

नऊ नंबरची खाट रिकामी होती. चादर घडी करून पायाशी ठेवलेली.

ताई धावल्या. पन्नाशीनंतर हॉस्पिटलात नर्स धावते तेव्हा लोक आपोआप भिंतीला चिकटतात. आजोबा लिफ्टसमोर चाकाच्या खुर्चीत होते. मांडीवर औषधांची पिशवी, मागे सूनबाई. बोर्ड त्यांच्या डोक्यावरच होता.

"आजोबा, थांबा. मला... तुमचं थोडं रक्त हवंय."

"पुन्हा?" सूनबाई म्हणाल्या. "खाली गाडी उभी आहे सिस्टर. डिस्चार्ज झालाय. आता काय राहिलं?"

ताईंनी सांगितलं. नीट सांगायचं ठरवून सुरुवात केली, पण सगळं उलट्या क्रमाने आलं. आधी झाकण, मग डबा, मग अंगठा. कोणती तपासणी तेही सांगितलं, आणि नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, तुम्हाला हवं असेल तरच निकाल सांगू, हेही सांगितलं. तपासणीचं नाव ऐकून सूनबाईंचा चेहरा आक्रसला.

"बाबांना असलं काही नाही हं. चांगल्या घरातले आहोत आम्ही."

"घराचा प्रश्न नाही हो. रक्ताचा आहे."

"अगं, ती तुझ्या घरावर संशय घेत नाहीय," आजोबा म्हणाले. ते चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. गर्दीत कोणाचं काय चाललंय हे चटकन ओळखायची त्यांना सवय होती. "तिला माझी सुई लागलीय. तिला भीती वाटतेय. हो ना पोरी?"

एकावन्नाव्या वर्षी पोरी म्हटल्यावर ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं तेही त्यांना कळलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. "आणि झाकण मीच लावलं. लावायचं नसतं. मीच सगळ्यांना सांगते, लावू नका."

"आणि लावलंस कधी ते आठवत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझा डावा पाय." आजोबांनी पाय पुढे केला, जणू साक्षीदार. "चौतीस वर्षं क्लच. घरी आरामखुर्चीत बसलो की कोणी दारात आलं, पाय दाबला. मांजर आडवं आलं, पाय दाबला. बायको म्हणायची, दाबू नका, शेजारी हसतात. मी म्हणायचो, मी कुठे दाबतोय? शेवटी हिने," सुनेकडे बोट करून, "उंच स्टूल आणून दिलं. पाय जमिनीलाच लागेना. आता दाबणार काय?"

"मग सुटली सवय?"

"सवय कुठली सुटते. पाय शोधतो अजून. सापडत नाही, एवढंच." त्यांनी बाही वर केली. "घे रक्त. पण झाकण बिकण त्या चिमणीला बघू दे."

रक्त चिमणीने घेतलं. सूनबाईंनी खालच्या गाडीवाल्याला फोन करून दहा मिनिटं सांगितली आणि मग पुन्हा दहा मिनिटं.

निकाल येईपर्यंत ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"सुई टोचली मला."

"कोणाची?"

"एका पेशंटची. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"त्याचीच. झाकण माझं होतं म्हणून कळलं."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. नकाशावर रस्ता सापडेनासा झाला की तो असेच कागद सरकवत असावा. "मग चूक कोणाची?"

"तेच बघतेय."

"येऊ का मी?"

"येऊन काय करणार?"

"माहीत नाही. येतो." आणि तो निघालासुद्धा.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी निकाल आला. आजोबांच्या रक्तात भिण्यासारखं काही नव्हतं. सूनबाई "मी म्हटलंच होतं" म्हणाल्या, ताईंच्या हातावर हात ठेवला आणि खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली. डॉक्टरांनी पुढच्या गोळ्या रद्द केल्या. ताईंना वाटलं होतं की आता डोकं लख्ख होईल. ते झालं नाही.

मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. फॉर्मवर दोन सह्यांच्या जागा होत्या : 'इजा झालेला कर्मचारी' आणि 'ज्यांस कळवले ती संसर्ग नियंत्रण परिचारिका'. दोन्हीकडे त्यांनी सही केली. दुसरी सही जरा रागावून केल्यासारखी आली. 'इजेचे कारण' या रकान्यात चार पर्याय होते. 'झाकण लावताना वा लावल्यामुळे' यावर खूण करताना त्यांनी दोनदा पेन उचललं. मेट्रनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"सावकाश लिही म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"सावकाशच लिहिलं. तूही लावतेस का गं अजून झाकण?"

"वेडी आहेस का? मी कधीच सोडलं," मेट्रनबाई म्हणाल्या. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला.

दुपारी ताई स्टुलावर चढल्या आणि बोर्डावर शून्य लावलं. खाली नवरा स्टूल धरून उभा होता, काय चाललंय ते न विचारता. संध्याकाळपर्यंत रजिस्टरात आणखी सात नोंदी झाल्या, सगळ्या मागच्या तारखांच्या, पहिली चिमणीची. ताईंनी सातही जणींना तपासणीला पाठवलं. गुरुवारी समिती आली, सगळ्यांना बसवून प्रश्न विचारले, आणि महिनाभराने तिचा अहवाल आला. त्यात असं म्हटलं होतं : 'सदर परिचारिकेने आपल्या कार्यपद्धतीत जाणीवपूर्वक व कायमस्वरूपी सुधारणा घडवून आणल्याचे निदर्शनास येते. इंजेक्शन देण्यापूर्वीच झाकण कचऱ्यात टाकून देण्याची त्यांनी सुरू केलेली पद्धत सर्व विभागांत लागू करण्याची शिफारस करण्यात येत आहे.'

अहवाल आला त्या दिवशी ताईंनी नऊ नंबरच्या नव्या पेशंटला इंजेक्शन दिलं. त्यांचा डावा हात बराच वेळ ट्रेमध्ये चाचपडत होता.